जोडवी घट्ट व्हायला लागली तेव्हा

नांदेडच्या आमच्या घरात गोळ्यांचे दोन डबे आहेत, एक माझा आणि एक ह्यांचा. तिसरा लातूरला, माहेरी, थोरल्या भावाकडे. त्याला आम्ही सगळी भावंडं अण्णा म्हणतो. तिघांनाही बीपी. तिघांच्या गोळ्या वेगळ्या आणि गोळ्यांनी दिलेले त्रासही वेगळे. बीपी का वाढतो, मीठ किती खावं, रोज किती चालावं हे सांगणारी माणसं पावलोपावली भेटतात. गोळी सुरू झाल्यावर अंगात काय काय होतं, हे मात्र घरोघरी दबक्या आवाजात बोललं जातं. बऱ्याचदा तर बोलणं निघेपर्यंत गोळी बंदही झालेली असते. बंद केल्याचं घरात माहीत नसतं, मग डॉक्टरांना कुठून असणार! मी शाळेत विज्ञान शिकवलं, मी डॉक्टर नाही. या काही वर्षांत जे सोसलं, पाहिलं आणि खोदून खोदून विचारून घेतलं, ते लिहिते आहे. आठवेल तसं.

१. पायांची सूज डोळ्यांना दिसायच्या आधी दागिन्याला कळते. माझी पहिली गोळी ॲम्लोडिपिन, आधी ५ मिलिग्रॅमची, मग बीपी हटेना म्हणून १० ची. गोळी वाढवल्यावर काही आठवड्यांत संध्याकाळी जोडवी फिरेनाशी झाली. सकाळी बोटात सैल असायची, दिवेलागणीला रुतून बसायची. चपलेच्या पट्ट्याचा वळ पायावर उमटून राहायचा आणि घोट्याशी अंगठा दाबला की खळगा पडायचा, तो लवकर भरून यायचा नाही. शेजारच्या वहिनींनी पाहिलं आणि म्हणाल्या, “बाई, पाय लई सुजायलेत, किडनीचं बघून घ्या.” आपल्याकडे पाय सुजले की पहिला संशय किडनीवर आणि दुसरा हृदयावर. दोन्ही संशय रास्त आहेत, म्हणून लघवीची आणि रक्ताची तपासणी केलीच. सगळं ठीक आलं. सूज होती ती गोळीची.

का येते, हे समजलं तेव्हा निम्मी धास्ती गेली. ही गोळी बारीक रोहिण्या सैल करते, म्हणून बीपी उतरतो. पण पुढच्या नीला, रक्त परत नेणाऱ्या, तेवढ्या सैल होत नाहीत. वरचं दार मोठं उघडावं आणि पुढचा पाट होता तेवढाच अरुंद राहावा, मग पाणी कडेच्या रानात पाझरणारच. तसं रक्तातलं पाणी घोट्याशी पाझरतं. शरीरात पाणी जास्त झालेलं नसतं, त्यामुळे लघवी वाढवणारी गोळी या सुजेवर फारशी चालत नाही. औषधाच्या माहितीपत्रकातले आकडेही बोलके आहेत: ५ मिलिग्रॅमवर शंभरातल्या साधारण ३ जणांना सूज येते, १० वर जवळजवळ ११ जणांना. आणि बायकांना पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. माझ्या डॉक्टरांनी गोळी पुन्हा ५ वर आणली आणि सोबत टेल्मिसार्टन दिली. ती नीलाही सैल करते, म्हणजे बीपीही उतरतो आणि सूजही ओसरते. एकाच गोळीचा डोस दुप्पट केला की बीपी थोडाच आणखी उतरतो, त्रास मात्र पुष्कळ वाढतो. दोन वेगळ्या गोळ्या थोड्या थोड्या घेतलेल्या बऱ्या. “आधी एक होती, आता दोन झाल्या” म्हणून हळहळणाऱ्या माणसांना मी हे आवर्जून सांगते. काहींना याच जातीतली सिल्निडिपिन देतात, तिच्याने सूज कमी येते.

सूज एकाच पायाला असेल, दुखत असेल, सोबत दम लागत असेल किंवा तोंडावर असेल, तर मात्र हा हिशोब लागू नाही. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

२. “बरं हाय” हे आपलं उत्तर फार महागात पडतं. नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये सकाळपासून माणसांची दाटी असते. हिंगोलीचे, देगलूरचे, उमरखेडचे, पार तेलंगणातल्या निर्मल-बोधनकडचेही लोक येतात. तासन्‌तास बसल्यावर नंबर लागतो आणि डॉक्टर विचारतात, “काय, कसं वाटतंय?” आणि पहाटे निघून आलेला माणूस म्हणतो, “बरं हाय.” चक्कर, खोकला, सूज, सगळं त्या दोन शब्दांखाली झाकलं जातं. डॉक्टरांपुढे तक्रार करणं म्हणजे त्यांच्या औषधाला नावं ठेवणं, अशी एक भिडस्त समजूत आपल्याकडे आहे. बाहेर आल्यावर मात्र मेडिकलच्या पायरीवर तोच माणूस अनोळखी माणसाला सगळं सविस्तर सांगतो. हे मी इतक्यांदा ऐकलं आहे, की आता आमच्या घरातून कुणीही चिठ्ठीशिवाय दवाखान्यात जात नाही. चिठ्ठीवर चारच गोष्टी: कुठली गोळी, कधी सुरू झाली, त्रास कधी सुरू झाला, आणि तो दिवसाच्या कुठल्या वेळी होतो. “अशक्तपणा वाटतो” याने डॉक्टरांना काही उमगत नाही. “गोळी घेतल्यावर दोन तासांनी, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते” याने उमगतं.

३. खोकला छातीतलाच असतो असं नाही. ह्यांना रामिप्रिल सुरू झाली होती. काही दिवसांनी घशात काहीतरी खवखवल्यासारखा कोरडा खोकला लागला. बेडका नाही, ताप नाही, सर्दी नाही, पण रात्री आडवं झालं की ढास सुरू. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झाला, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या झाल्या. दोन आठवड्यांवर गेलेला खोकला म्हणून थुंकीची तपासणी झाली, छातीचा फोटो झाला. ते योग्यच होतं, आपल्या भागात क्षयाची शंका आधी फेडून घ्यायलाच हवी. फोटो स्वच्छ आल्यावर एका तरुण डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांचं पाकीट मागितलं, उलटून नाव वाचलं आणि म्हणाल्या, “काका, खोकला हिचाच आहे.”

एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल, म्हणजे ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ येतं त्या गोळ्या शरीरातलं एक एन्झाइम अडवतात. त्याने बीपी उतरतो, पण तेच एन्झाइम ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्यही मोडीत काढत असतं. ते काम थांबलं की ब्रॅडिकायनिन साचतं आणि श्वासनलिकेला डिवचत राहतं. साधारण दहातल्या एखाद्याला हा खोकला लागतो. गोळी बदलून ‘सार्टन’वाली दिली आणि काही आठवड्यांत रात्री घरात शांतता झाली. कफ सिरपने हा खोकला जात नाही, ही गोष्ट आमच्या अख्ख्या गल्लीला आता पाठ आहे. याच गोळ्यांनी क्वचित ओठ, जीभ किंवा घसा सुजतो. तसं झालं तर एक मिनिटही थांबायचं नसतं.

४. आपल्याला गोळी बदलून मागता येते, ही फार मोठी गोष्ट आहे, हे मला जुना इतिहास वाचताना उमजलं. १२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचा बीपी ३००/१९० नोंदला गेला. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाजवळही तेव्हा बीपीवर धड औषध नव्हतं. त्यानंतर चारच वर्षांनी, १९४९ साली, मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा बीपीच्या रुग्णांवरचा अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि जगाचं लक्ष आपल्या रानातल्या त्या झुडपाकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीच्या संशोधकांनी त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं. १९५७ मध्ये डॉ. वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. महाराष्ट्राच्या मातीतलं एवढं मोठं काम, आणि शाळेच्या पुस्तकात त्याची ओळही नव्हती, याचं मला वाईट वाटतं.

पण त्या औषधाचेही त्रास होतेच. नाक चोंदायचं, गुंगी यायची, आणि काहींचं मन इतकं खचायचं की रडू थांबायचं नाही. त्या काळच्या माणसापुढे दोनच वाटा: हे सोसा, नाहीतर बीपी सोसा. आज माझ्या डॉक्टरांच्या हाताशी चार-पाच वेगवेगळ्या जातींची औषधं आहेत. (सर्पगंधेच्या गोळ्या आजही मिळतात. चालू औषधाबरोबर त्या आपल्या मनाने घेऊ नयेत, ती नुसती मुळी नाही, जोरकस औषध आहे.)

५. उन्हाळा आला की जुनी, अंगवळणी पडलेली गोळीसुद्धा नव्याने तपासून घ्यावी लागते. अण्णाची गोळी क्लोरथॅलिडोन, म्हणजे आपण जिला ‘लघवीची गोळी’ म्हणतो त्या जातीतली. वर्षानुवर्षं सुरळीत चाललेली. एका मे महिन्यात, पारा ४२ च्या वर असताना, वहिनीचा लातूरहून फोन आला: “तुमचे अण्णा कायबी बोलायलेत.” आधी नुसता थकवा होता, जेवण जात नव्हतं, पोटात ढवळायचं. मग थोरल्या लेकीला माझ्या नावाने हाक मारायला लागला. दुपारी तीन वाजता, “पहाट झाली, दूधवाला का आला नाही?” म्हणून विचारलं. घरच्यांना वाटलं ऊन लागलं, कुणी म्हणालं पॅरालिसिस. दवाखान्यात नेलं, डोक्याचं स्कॅन निवळ आलं आणि रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा सोडियम १२० च्याही खाली. असायला हवं १३५ ते १४५.

झालं होतं ते असं. गोळीमुळे लघवीवाटे सोडियम जातच होतं. उन्हाळ्यात घामावाटे आणखी गेलं. बीपी आहे म्हणून अण्णाने जेवणातलं मीठ पार तोडलेलं. आणि उन्हाची बाधा नको म्हणून दिवसभर तांब्यामागून तांब्या नुसतं पाणी. त्यामुळे अंगात उरलेलं सोडियम अधिकच पातळ झालं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं शहर आमचं लातूर. ज्याने ते दिवस काढले तो माणूस पाणी मिळतंय म्हटल्यावर भरभरून पिणारच. एकेक गोष्ट पाहिली तर प्रत्येक बरोबर. चारही एकत्र आल्या तेव्हा सत्तरीतल्या माणसाला झेपल्या नाहीत. दवाखान्यात सोडियम हळूहळू चढवलं. भराभर चढवलं तर मेंदूला इजा होते, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी घाई केली नाही आणि आम्हा नातेवाइकांच्या घाईलाही दाद दिली नाही. तिसऱ्या दिवशी अण्णाने लेकीला लेकीच्याच नावाने हाक मारली आणि वहिनी दारामागे जाऊन रडली.

तेव्हापासून गुढीपाडवा झाला की अण्णाचं सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासून घेतो आणि तो रिपोर्ट घेऊन, उन्हाळ्यापुरता काही बदल करायचा का, हे डॉक्टरांना विचारतो. त्याची ती गोळी आता बदलली आहे, तरी तपासणी सोडलेली नाही. जुलाब-उलट्या लागल्या तर कुठली गोळी त्या दिवसांपुरती थांबवायची, हेही आधीच विचारून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पानामागे लिहून ठेवलं आहे. ऐन वेळी कुणालाच आठवत नाही.

६. बायकांच्या गोळ्या एसटीच्या वेळापत्रकावर चुकतात. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही, पण नांदेड-लातूर गाडीत शेजारी बसलेल्या किती जणींनी सांगितलं आहे! लघवीची गोळी सकाळी घ्यायची आणि सकाळच्याच गाडीने निघायचं. लोहा गेलं, अहमदपूर आलं, चाकूरला गाडी थांबेल की नाही माहीत नाही, थांबली तरी स्टँडवरच्या स्वच्छतागृहात पाय ठेवण्याची सोय नाही. मग प्रवासाच्या दिवशी बाई गोळीही घेत नाही आणि पाणीही पीत नाही. लग्नसराईत रोजच प्रवास. महिन्यात किती गोळ्या सुटल्या याचा हिशोब कुणी ठेवत नाही आणि डॉक्टरांना वाटतं औषध लागू पडेना, म्हणून ते डोस वाढवतात. यात बाईची चूक मला दिसत नाही. चूक त्या स्टँडची आहे.

यावर एक दिलासा आहे. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या टाइम नावाच्या अभ्यासाचा निष्कर्ष २०२२ मध्ये आला: बीपीची नेहमीची गोळी सकाळी घेतली काय नि रात्री घेतली काय, हृदयविकार आणि पक्षाघात टाळण्याच्या बाबतीत फरक पडत नाही. म्हणजे वेळ सोयीची निवडता येते, रोज घेणं महत्त्वाचं. लघवीची गोळी रात्री घेतली तर झोपमोड होते, म्हणून ती सकाळची ठेवतात एवढंच. प्रवासाच्या दिवशी ती पोहोचल्यावर दुपारी घेतली तर चालेल का, असं मी विचारलं आणि डॉक्टर म्हणाले, “चालेल की! हे आधी कुणी विचारलंच नाही.”

७. उठायची घाई वयाबरोबर सोडून द्यावी. पंगतीतून, देवासमोरून, बसायच्या संडासातून एकदम उठलं की डोळ्यांपुढे काळोख येतो. बसल्याचा बीपी चांगला असला तरी उभ्याचा पडलेला असू शकतो. घरी मशीन असेल तर आडवं असताना एकदा आणि उभं राहून एक ते तीन मिनिटांनी एकदा मोजावा. वरचा आकडा २० ने किंवा जास्त उतरला तर तो कागद डॉक्टरांना दाखवावा. म्हातारपणी असं पडून खुब्याचं हाड मोडणं हा गोळीच्या साइड इफेक्टांच्या यादीत न छापलेला साइड इफेक्ट आहे.

८. डब्यातल्या दोन वेगळ्या पाकिटांत एकच गोळी असू शकते. सासूबाई होत्या तोवर त्यांच्या गोळ्या रंगावर आणि पाकिटाच्या चकाकीवर चालायच्या: “ती हिरवी सकाळची, ती चंदेरी रातची.” गावाकडून येताना त्यांनी तिथली गोळी आणलेली, नांदेडच्या डॉक्टरांनी नवीन लिहून दिली, आणि जुनी थांबवा असं कुणी स्पष्ट म्हणालं नाही. त्या दोन्ही घेत राहिल्या. पाय सुजले, चालताना तोल जायला लागला. दोन्ही पाकिटं उलटी करून बारीक अक्षरं वाचली तर एकात ॲम्लोडिपिन, दुसऱ्यात टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन एकत्र. नावं अगदी वेगळी, कंपन्या वेगळ्या. मेडिकलवाला ज्याला ‘कंटेंट’ म्हणतो ते मात्र सारखं. त्या काळजीने पाकिटं जपून ठेवायच्या, एकही गोळी चुकवायच्या नाहीत, आणि त्यांच्या त्या नेमानेच त्यांना त्रास होत होता. हे पाहून मला फार गलबलून आलं.

त्यानंतर मी प्रत्येक पाकिटावर जाड पेनाने सूर्य किंवा चंद्र काढायला लागले आणि नवीन गोळी घरात आली की आधी विचारायचं, “ही कुणाच्या जागी आली?” मेडिकलमध्ये ब्रँड बदलून दिला तरी हाच प्रश्न. आमच्या वस्तीतल्या चार-पाच घरांतले डबे मी असे बसून लावून दिले आहेत. जवळजवळ प्रत्येक डब्यात काही ना काही दुबार निघालं.

९. गुडघ्याची गोळी बीपीच्या गोळीचं काम बिघडवते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या शरीरात मीठ-पाणी अडवतात, बीपी वाढवतात, आणि सार्टन किंवा प्रिल, लघवीची गोळी आणि ही, अशा तिन्ही एकत्र आल्या की किडनीवर भार येतो. सोयाबीनच्या राशीच्या दिवसांत कंबर धरलेली बाई काउंटरवरून अशी गोळी रोज नेते. बीपीची गोळी चालू आहे हे ती सांगत नाही, कारण तिला कुणी विचारत नाही. ‘बीपीवाल्यांसाठी’ म्हणून मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठाचंही तसंच. त्यात पोटॅशियम असतं, आणि टेल्मिसार्टनसारखी गोळी घेणाऱ्याच्या, त्यातून किडनी अधू असेल तर, रक्तात ते धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. ही दोन्ही विचारून घ्यायची औषधं समजावी.

१०. पुरुष जी गोष्ट कुणालाच सांगत नाहीत, तिच्यापायी सर्वांत जास्त गोळ्या बंद होत असाव्यात. ह्यांच्या मित्रांपैकी एकांनी परस्पर गोळी सोडली आणि पुढे वर्षभरात त्यांना पक्षाघात झाला. का सोडली, हे त्यांच्या बायकोने मला स्वयंपाकघरात, भाकरी थापता थापता सांगितलं. त्यांच्या मनाने घेतलं होतं की गोळीने पुरुषपण जातं.

काही गोळ्यांनी, विशेषतः लघवीच्या आणि जुन्या बीटा ब्लॉकर जातीच्या, असा त्रास होऊ शकतो हे खरं आहे. पण मनाचा वाटाही किती मोठा असतो, हे दाखवणारा, इटलीत झालेला एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. ९६ पुरुषांना ॲटेनोलॉल ही बीटा ब्लॉकर दिली. काहींना गोळीचं नावही सांगितलं नाही, काहींना नाव सांगितलं, आणि काहींना नावाबरोबर हा दुष्परिणामही सांगितला. त्रास झाल्याचं सांगणारे पहिल्या गटात शंभरी ३, दुसऱ्यात १६, तिसऱ्यात ३१. नंतर त्रास झालेल्यांना त्यावरचं औषध आणि औषध नसलेली गोळी, दोन्हींनी सारखाच गुण आला. याचा अर्थ ती माणसं खोटं बोलत होती असा मी घेत नाही. भीती अंगात उतरते, तिचा त्रास खराच असतो. डॉक्टरांना सांगितलं तर गोळी बदलून मिळते, एवढं त्या गृहस्थांच्या कानावर आधी पडलं असतं तर त्यांचा उजवा हात आज चालला असता, असं मला राहून राहून वाटतं. आणि बीटा ब्लॉकर तर एकदम बंद करायचीच नसते, हृदयावर उलट ताण येतो. ती डॉक्टर पायरी-पायरीने उतरवतात.

११. गोळी कमी व्हावी असं वाटत असेल तर ताटाशी बोलावं लागतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, जेमतेम एक चमचा. आमच्या मराठवाड्याच्या ताटात तेवढं ठेचा, लोणचं, पापड आणि कुरडई यांतूनच निघून जातं. अण्णासारखं मीठ तोडणं मी कुणाला सुचवणार नाही. आम्ही वरचं मीठ बंद केलं, ताटात लोणचं असेल तर पापड नाही, एवढंच ठरवलं. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, मात्र लातूरच्या रानात आंबील, भज्जी आणि उंडे मी मनापासून खाते. वर्षातून एकदा काळ्या आईच्या ओटीत बसून जेवताना वजनकाटा काढायचा नाही, असं माझ्या डॉक्टरांनीच सांगितलं आहे. बाकीच्या दिवसांत पाळलेल्या मिठाने माझी टेल्मिसार्टनची गोळी वाढायची राहिली, आणि डोस वाढला नाही म्हणजे त्रासही वाढला नाही.

१२. विचारणारं माणूस हवं. केंद्र सरकार, आयसीएमआर आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये सरकारी दवाखान्यांतून बीपी आटोक्यात आणण्याचा एक उपक्रम सुरू केला. आपल्याकडे सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे त्यातले सुरुवातीचे जिल्हे. त्याची रीत मला पटते: ठरलेल्या मोजक्या गोळ्या, त्या गावाजवळच्या केंद्रात फुकट, महिनाभराच्या एकदम, आणि जो आला नाही त्याला फोन. बीपीचा माणूस उपचारापासून दूर जातो तो बहुतेक अशाच एखाद्या सांगायच्या राहिलेल्या त्रासामुळे.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना गेल्या पावसाळ्यात आरोग्य केंद्रात ॲम्लोडिपिन सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, “ताई, पाय सुजले तर गोळी सोडू का?” कुणीतरी आधीच घाबरवलं होतं. मी म्हटलं, सोडू नका, सुजले तर सिस्टरला दाखवा, बदलून देतात. तरी त्यांना धीर होईना, म्हणून पुढच्या वेळी सोबत गेले. सिस्टरने बीपी मोजला, कार्डावर लिहिला आणि पुढचं नाव पुकारलं. मावशी उठायला लागल्या तेव्हा मीच म्हटलं, “पायांचं विचारायचं होतं ना?” सिस्टरने मान वर केली, खुर्चीवरून उठून खाली वाकली आणि मावशींचा घोटा दाबून पाहिला. सूज नव्हती. “आली तर महिन्याची वाट बघू नका, मंगळवारी मी इथंच असते,” ती म्हणाली. मावशींची एकही गोळी अजून चुकलेली नाही, आणि आता त्यांच्या वस्तीतल्या आणखी दोघी मंगळवारी त्यांच्यासोबत जातात.